दोघांच्या ४०० रिलेत पहिला लेग जोरात मारायचा की हातचं राखून? आणि मधल्या मिनिटात थांबायचं की जॉग करायचं?

२×२×४०० म्हणजे दोघांची टीम, प्रत्येकाला दोनदा ४०० मीटर, आणि अशी एकेक पाळी म्हणजे एक लेग. एकाने एक लॅप पळायचा, बॅटन द्यायची, जोडीदार एक लॅप मारून येईपर्यंत जेवढा श्वास मिळेल तेवढा घ्यायचा आणि परत तीच बॅटन हातात घेऊन सुटायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण प्लॅन ठरवायला बसलं की दोन प्रश्न येतात आणि त्यावर जोडीजोडीत वाद होतात. पहिला लॅप फ्रेश पायांनी जोरात मारून घ्यावा का, कारण दुसरा तसाही वाईटच जाणार आहे? की पहिल्यातच थोडं राखून ठेवावं? आणि मधल्या त्या एका मिनिटात हळूहळू जॉग करत राहावं की गप्प उभं राहावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना शेवटपर्यंत वाचायला नको. दोनदा पळायचं असेल तर पहिला लेग राखून, तुमच्या फ्रेश रिले-४०० च्या टायमिंगपेक्षा दोन-अडीच सेकंद हळू. मध्ये जॉग नाही, आधी उभं राहायचं मग चालायचं. आणि ४×८०० असेल, म्हणजे चौघांनी प्रत्येकी एकदाच ८०० मीटर पळायचं असेल, तर हा सल्ला बऱ्यापैकी उलटा होतो. हीट (प्राथमिक फेरी) आणि फायनलच्या मधल्या वेळेत तर पूर्णच उलटा, तिथे जॉग करायचाच. लोक या सगळ्यांना एकच नियम लावतात आणि तिथेच फसतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी ही शर्यत नक्की कोणाची आहे ते बघू. नाव ४०० चं असलं तरी ही ४०० वाल्यांची शर्यत नाही. २०१९ ला योकोहामाच्या वर्ल्ड रिलेजमध्ये ही मिक्स्ड स्वरूपात पळवली गेली, एक पुरुष एक स्त्री, आणि अमेरिकेच्या सिएरा ब्राउन आणि डोनावन ब्रेझियर यांनी ३:३६.९२ मध्ये जिंकली. दोघंही ८०० चे. त्याच वर्षी दोहाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्रेझियरने ८०० चं सोनं १:४२.३४ मध्ये घेतलं. २०२१ ला सायलेशियात पोलंडची योआना युझविक आणि पॅट्रिक डोबेक ही जोडी जिंकली. युझविक ८०० चीच, आणि डोबेक मूळचा ४०० हर्डल्सचा पण त्याच वर्षी ८०० कडे वळलेला आणि पुढे टोकियोला त्याच ८०० मध्ये ऑलिम्पिक ब्राँझ घेतलेला. म्हणजे वेग पाहिजेच, पण तोच वेग मिनिटभराने परत काढता आला पाहिजे, आणि ते ८०० वाल्यांना जास्त जमतं.

कारण सरळ आहे. एका ४०० मध्ये लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ४० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजनवर चालते, ८०० मध्ये हे ६० ते ६५ पर्यंत जातं. एक ४००, मग मिनिटभर थांबा, मग परत ४००, ही बेरीज ८०० च्या बाजूला झुकते, कारण पहिल्या लेगमधली तूट भरून काढणं हे सगळं काम ऑक्सिजनच करतो.

आता मधल्या मिनिटात शरीरात काय होतं ते, कारण पेस ठरवायच्या आधी हे कळलं पाहिजे. स्नायूंमध्ये झटपट ताकदीचा एक छोटा साठा असतो, क्रिएटिन फॉस्फेट, जो जोरात पळताना काही सेकंदांतच मोठ्या प्रमाणात वापरला जातो. तो परत भरतो, आणि सुरुवातीला भराभर भरतो, पण अर्ध्या मिनिटाच्या पूर्ण ताकदीच्या स्प्रिंटनंतर दीड मिनिटात तो साधारण दोन-तृतीयांशच भरलेला असतो आणि सहा मिनिटांनीही पुरता भरत नाही. शिवाय तो भरायला ऑक्सिजन लागतो, आणि स्नायूंमध्ये ॲसिड जितकं जास्त साठलेलं तितकं हे भरणं मंदावतं. दुसरी गोष्ट म्हणजे लॅक्टेट, जोरात पळताना स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणारा पदार्थ. जोरात पळून थांबल्यावर रक्तातलं लॅक्टेट लगेच कमी होत नाही, उलट पुढची काही मिनिटं वाढतच जातं. म्हणजे तुमच्या साठ-पासष्ट सेकंदांच्या विश्रांतीत लॅक्टेट "धुऊन काढणं" हा विषयच संपला, तेवढा वेळच नाहीये. भरून निघू शकतो तो फक्त झटपट साठा, तोही अर्धामुर्धा.

एवढं कळलं की दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांना बांधलेली दिसतात. पहिल्या लेगमध्ये किती ॲसिड तयार केलं यावर मधलं मिनिट किती कामाचं ठरणार हे अवलंबून आहे, त्यामुळे आधी पेस ठरवून रिकव्हरीचं नंतर बघू असं होत नाही, मी स्वतः तीच चूक करून बसलेलो.

जोरात विरुद्ध राखून: माझे दोन्ही आकडे

माझं ४०० तेव्हा फ्लाइंग स्टार्टने ५७ च्या आसपास होतं (रिलेत बॅटन घेताना आपण आधीच हलत असतो आणि पिस्तुलाच्या आवाजावर रिॲक्ट व्हायचं नसतं, त्यामुळे अर्धा ते एक सेकंद फुकट मिळतो, तर तुलना करताना ब्लॉकवरून सुटलेलं टायमिंग धरू नका). माझी जोडीदार ८०० ची, ४०० मध्ये ६४ ची. आम्ही दोघांनी सरावातच पूर्ण शर्यतीसारखं दोन वेगवेगळ्या दिवशी पळून बघितलं, मध्ये पाच दिवसांचा गॅप ठेवून, सर घड्याळ घेऊन लाइनीवर उभे.

पहिल्या दिवशी प्लॅन होता की मी उघडतानाच लीड काढायचा. २०० ला २७.०, पूर्ण लॅप ५७.४. तिने ६५.१ मारला. मग माझा दुसरा. पहिले १५० मीटर मला वाटलं की सगळं ठीक आहे, खरंच वाटलं, पाय हलके होते, आणि मग बॅकस्ट्रेट (फिनिशच्या समोरच्या बाजूचा सरळ पट्टा) संपता संपता गुडघे वर यायचे बंद झाले, म्हणजे मी हुकूम देतोय आणि पाय तिथल्या तिथेच, खांदे कानापर्यंत चढलेले, आणि शेवटच्या ८० मीटरमध्ये तर डावी पोटरी अशी थरथरत होती की पाऊल नक्की कुठे पडतंय ते कळत नव्हतं. ६५.०. बॅटन देताना हात पुढे करायचा तर तोही सरळ होईना, तिने जवळजवळ माझ्या मुठीतून ओढून घेतली. तिचा दुसरा ६८.०. एकूण ४:१५.५.

पाच दिवसांनी दुसरा प्लॅन. २०० ला २८.८, लॅप ५९.६. खरं सांगतो, पळताना चुकल्यासारखं वाटत होतं, शेवटच्या सरळ पट्ट्यात अजून गिअर शिल्लक आहे आणि आपण तो टाकत नाहीये याची टोचणी लागते. ती ६५.०. माझा दुसरा ६०.९. तिचा ६८.४. एकूण ४:१३.९.

आता शेजारी ठेवून बघा. माझे दोन लॅप मिळून पहिल्या दिवशी १२२.४, दुसऱ्या दिवशी १२०.५, म्हणजे १.९ सेकंदाचा फायदा. पण तिचं एकूण ०.३ ने वाढलं. का? कारण दुसऱ्या दिवशी मी माझा दुसरा लेग चार सेकंद लवकर संपवला आणि तिची विश्रांती तेवढी कमी झाली. ही गोष्ट कुठल्याच कागदावरच्या प्लॅनमध्ये लिहिलेली नसते. तुमचं टायमिंग हीच जोडीदाराची विश्रांती आहे. तरीही टीम म्हणून १.६ सेकंद वाचले, आमच्या वेगाने साधारण दहा मीटर, आणि दहा मीटर म्हणजे शेवटच्या वळणावर समोरच्याची पाठ दिसणं आणि न दिसणं इतका फरक.

एका जोडीचे दोन दिवसांचे आकडे म्हणजे काही विज्ञान नाही हे मान्य, वारा असतो, झोप असते. पण नंतर ज्या ज्या जोड्यांबरोबर हे करून बघितलं तिथे दिशा हीच आली, फरक फक्त किती मोठा एवढाच. शुद्ध ४०० वाल्यांचा फरक सगळ्यात मोठा येतो, कारण पहिल्या लॅपमध्ये ते सगळं ओतू शकतात, तशी सवयच असते, आणि मग दुसऱ्यात कोसळतात.

मग जोरात उघडण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण फक्त जागा मिळवण्यापुरता. ट्रॅकची लेन १.२२ मीटर रुंद असते. वळणावर कोणाच्या तरी बाहेरून, म्हणजे एक लेन बाहेर पळालात तर एका वळणामागे ३.८ मीटर जास्त पळता, पूर्ण लॅप तसाच काढला तर साडेसात मीटरच्या वर. आमच्यासारख्या वेगाला एका वळणाचे ३.८ मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त. तर बॅटन घेतल्यावर पहिल्या ४०-५० मीटरमध्ये थोडा जोर लावून आतली लाइन मिळत असेल तर तो जोर नक्की लावा, तो झटपट साठ्यातूनच जातो आणि त्याची किंमत कमी असते. लाइन मिळाली की मात्र लगेच सैल व्हायचं. लोकांची चूक अशी होते की ते जागेसाठी जोर लावतात आणि मग त्याच जोरात बॅकस्ट्रेट पूर्ण काढतात. जागा नाहीच मिळाली तर वळणावर भांडू नका, मागे बसा, सरळ पट्ट्यात ओव्हरटेक करा, तिथे बाहेरून जाणं जवळजवळ फुकट आहे.

४×८०० शी तुलना, कारण तिथे उत्तर वेगळं आहे

ज्यांना ठरवायचंय की ८०० चा लेग कसा पळायचा त्यांच्यासाठी. तिथे एकदाच पळायचं, नंतर कोसळलात तरी टीमचं काही जात नाही (झोनच्या, म्हणजे बॅटन बदलायच्या पट्ट्याच्या, बाहेर, दुसऱ्या कोणाच्या वाटेत न येता कोसळा एवढंच). त्यामुळे पहिला लॅप दुसऱ्यापेक्षा थोडा जलद असणं हे तिथे बरोबरच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधला डेव्हिड रुडिशाचा १:४०.९१ चा विश्वविक्रम घ्या, पहिला लॅप ४९.२८, दुसरा ५१.६३. सव्वादोन सेकंदांहून जास्त फरक, आणि त्यात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच पुढे होता. ८०० चे विश्वविक्रम बहुतेक वेळा असेच झालेत, पहिला लॅप जलद, दुसरा हळू. यामागचं एक कारण असं की जोरात सुटल्यावर शरीर ऑक्सिजन घेण्याचा वेग लवकर वाढवतं, आणि दोन मिनिटांच्या शर्यतीत तेवढं लवकर होणं उपयोगी पडतं.

दुसऱ्या टोकाला १९७२ च्या म्युनिकचा डेव्ह वॉटल. २०० ला शेवटचा, ४०० ला शेवटचा आणि शेवटी सोनं, १:४५.९ मध्ये. बघणाऱ्यांना वाटतं काय भयंकर किक मारली, पण त्याचे चारही २०० जवळजवळ सारखेच, सगळे २६ ते २७ च्या मध्ये. तो वाढला नाही, बाकीचे मंदावले. हा नमुना ८०० रिलेत दुसऱ्या-तिसऱ्या लेगला फार कामाचा आहे, कारण तिथे बॅटन बहुतेक वेळा गॅपसकट मिळते.

आणि गॅप हीच ४×८०० मधली सगळ्यात महागडी गोष्ट. दहा मीटर मागे बॅटन मिळाली की माणूस पहिल्या १५० मीटरमध्येच ते दहा मीटर भरून काढतो. सगळे करतात, अनुभवी लोकही करतात, समोर पाठ दिसली की राहवत नाही. १५० ला समोरच्याच्या मागे पोचतो, ४०० पर्यंत छान वाटतं, आणि ५५० ला तोच समोरचा परत दहा मीटर पुढे निघून जातो. तेच दहा मीटर ५०० मीटरमध्ये भरायचे ठरवले तर १०० मीटरमागे फक्त दोन मीटर, म्हणजे पाव सेकंद ते तीन दशांश सेकंद, जे जवळजवळ जाणवतच नाही. आम्ही आता बॅटन घ्यायच्या आधी एकमेकांना ओरडून एकच सांगतो, "पाचशेला पकड!"

केनियाच्या चौघांनी २००६ मध्ये ब्रसेल्सला ४×८०० चा ७:०२.४३ काढला त्यात चौघांचे लेग १:४४ ते १:४७ च्या आतच होते, सगळ्यात जलद आणि सगळ्यात हळू लेगमध्ये अडीच सेकंदांचाही फरक नाही. कोणी हिरो झाला नाही. ४×८०० ची टीम बसवताना मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, एक भन्नाट आणि तीन थकलेले यापेक्षा चार बरे.

तर शेजारी शेजारी ठेवलं तर एवढंच: एकदा पळायचं असेल तर पहिला अर्धा किंचित जलद, दोनदा पळायचं असेल तर पहिला लेग मुद्दाम रोखलेला. ८०० मध्ये तूट शेवटी भोगायची असते. २×२ मध्ये ती मिनिटभराने भरायची असते आणि तिथे तारण ठेवायला काही नसतं.

मधलं मिनिट: उभं राहायचं, चालायचं की जॉग

यावर फार लोकांशी वाद घातलाय. "थांबलास तर पाय धरतील, हलत राहा" हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि ते चुकीचं नाहीये, फक्त ते दुसऱ्या वेळेसाठीचं आहे. दहा-पंधरा मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ असेल तर हलका जॉग लॅक्टेट नक्कीच लवकर कमी करतो, बसून राहण्यापेक्षा बरंच लवकर. पण एका मिनिटात जॉगला लागणारा ऑक्सिजन हा त्याच साठ्याच्या वाट्याचा ऑक्सिजन असतो जो भरायला तुमच्याकडे जेमतेम साठ सेकंद आहेत. छोट्या विश्रांतीत उभं राहणारे जॉग करणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ टिकतात हे इंटरव्हलवरच्या प्रयोगांतही दिसलंय, आणि आमच्या सरावात तर ते इतकं स्पष्ट होतं की दुसऱ्यांदा मोजायची गरज वाटली नाही.

बसणं किंवा आडवं होणं मात्र नको. एकदम थांबून बसलं की रक्त पायात साचतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तेव्हाच जोडीदार वळणावरून आत येत असतो. शिवाय उठून, कपडे झटकून, झोनमध्ये जागा घेण्यात दहा सेकंद जातात.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. बॅटन दिली की लगेच आडवंतिडवं पळत सुटायचं नाही, बाकीच्या टीम्स निघून जाईपर्यंत आपल्या लाइनीतच राहायचं, कारण कोणाच्या वाटेत आलात तर टीम बाद होऊ शकते आणि त्या क्षणी डोकं जागेवर नसतं म्हणून हे आधीच घोकून ठेवावं लागतं. मग आतल्या बाजूला येऊन वीसेक सेकंद गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचं. पूर्वी सर ओरडायचे, वाकू नको, हात डोक्यावर घे, छाती उघड. पण हात डोक्यावर घेण्यापेक्षा गुडघ्यांवर ठेवल्याने ठोके लवकर खाली येतात असं एका प्रयोगात दिसलंय आणि मला तर श्वासही तसाच मोकळा होतो, पोट सैल सुटतं. सोडायचा श्वास लांब, घ्यायचा आपोआप येतो. मग हळू चालत झोनकडे, फार तर तीस-चाळीस पावलं. जोडीदार शेवटच्या वळणात शिरला की दोन-तीन हलक्या उड्या, मांड्या एकदा थापटायच्या आणि झोनमध्ये उभं राहायचं. ४०० च्या लेगला झोन वीस मीटरचा असतो, आणि थकलेल्या जोडीदारापासून लांब पळत सुटायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून, हात उंच आणि स्थिर धरून बॅटन घ्यायची. दुसऱ्या वेळी येणारा माणूस पहिल्यापेक्षा फार हळू येतो, पहिल्या चेंजच्या अंदाजाने सुटलात तर तो पोचणारच नाही. आमची एकदा अशीच बॅटन पडली होती. ज्याच्या हातून पडते त्यानेच उचलायची असते आणि ती माझ्या हातून पडलेली, वाकलो तर परत सरळ व्हायला जे काही सेकंद लागले ते अजून आठवतात.

स्पाइक्स मध्ये काढू नका. लेस सैल करायचाही मोह होतो, नका करू.

एक अपवाद आहे, तो म्हणजे २०० च्या पाळ्या. काही जण दोघांची रिले २००-२०० ने लावतात, प्रत्येकी सहा-आठ वेळा, सरावाला तर ही फारच छान आहे. पण तिथे उभं राहायची सोयच नसते. तुम्ही २०० संपवता ट्रॅकच्या एका टोकाला आणि पुढची बॅटन घ्यायची असते समोरच्या टोकाला, आणि जोडीदार तीस-पस्तीस सेकंदांत तिथे पोचणार. स्टँडर्ड ट्रॅकवर सरळ पट्टा ८४.३९ मीटर आणि आतल्या दोन कडांमधलं अंतर ७३ मीटर, म्हणजे फिनिश लाइनपासून २०० च्या स्टार्टपर्यंत मैदानातून तिरकं गेलं तर ११० मीटरच्या वर. तीस सेकंदांत ते कापायचं म्हणजे साडेचार मिनिटांत किलोमीटरचा वेग, हा चांगलाच जॉग झाला. त्यामुळे २०० च्या पाळ्यांमध्ये पेस पहिल्यापासूनच खूप खाली ठेवावा लागतो, तुमच्या १५०० च्या पेसच्या आसपास सुरुवात करा. चेंजच्या जागा दोन्ही सरळ पट्ट्यांच्या मध्यावर घेतल्या तर अंतर तिरकं ११० ऐवजी सरळ सत्तर-पंचाहत्तर मीटर होतं आणि चालत-जॉग करत पोचता येतं. सराव असेल आणि जागा तुम्हीच ठरवणार असाल तर हे नक्की करा, सगळी शर्यतच बदलते.

तुमचे स्वतःचे आकडे कसे काढायचे

माझ्या ५९.६ चा तुम्हाला काही उपयोग नाही. एक दिवस नीट वॉर्म-अप करून फ्लाइंग स्टार्टने ४०० तुमच्या फ्रेश टायमिंगपेक्षा दोन सेकंद हळू पळा, मग जोडीदाराच्या लेगएवढा वेळ वर सांगितलंय तसं उभं राहून-चालून काढा, मग दुसरा ४०० जेवढा येईल तेवढा. दुसरा पहिल्यापेक्षा एक-दीड सेकंदाने हळू आला तर पेस बरोबर आहे. तीन सेकंदांच्या वर घसरला तर पहिला अजून रोखा. दोन्ही सारखे आले किंवा दुसरा जलद आला तर पहिल्यात अर्धा सेकंद वाढवा. हा माझा हिशोब आहे, सरावातून आलेला, पुस्तकातला नाही. आठवड्यातून एकदाच करा, कारण दोन असे ४०० म्हणजे पूर्ण शर्यतच आहे आणि पायांना त्याची किंमत मोजावी लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात (ते दुखणं लॅक्टिकचं नसतं बरं का, ते एक-दीड तासात गेलेलं असतं, दुखणं स्नायूंच्या बारीक झिजेचं असतं).

हीट आणि फायनल एकाच दिवशी असतील तर मधला वेळ बघा. तासभर असेल तर आठ-दहा मिनिटं अगदी हळू जॉग, मग अंगावर गरम कपडे चढवून सावलीत बसायचं, घोट घोट पाणी, आणि फायनलच्या आधी छोटा वॉर्म-अप, तीन-चार स्ट्राइड्स (छोट्या, मोकळ्या वेगाच्या धावा), पूर्ण वॉर्म-अप परत नको. तीन-चार तास असतील तर खायला हवं, पचायला हलकं आणि कार्बोहायड्रेट असलेलं, पहिल्या तासाभरात वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम कार्बोहायड्रेट. बर्फाच्या पाण्यात पाय बुडवणं मध्ये अजिबात नको, थंड पडलेल्या स्नायूंची ताकद कमी होते. सगळं संपल्यावर रात्री करायचं तर करा.

आधी कोणी पळायचं

हे शेवटी ठेवलं कारण वरचं सगळं कळल्यावर हे आपोआप सुटतं. आधी पळणाऱ्याची विश्रांती म्हणजे जोडीदाराचा फ्रेश पहिला लेग. नंतर पळणाऱ्याची विश्रांती म्हणजे जोडीदाराचा थकलेला दुसरा लेग. थकलेला लेग नेहमी लांब असतो, म्हणजे नंतर पळणाऱ्याला एक-दोन सेकंद का होईना जास्त मिळतात. तर ज्याची रिकव्हरी कमी आहे तो दुसरा. जोडीत एक ४०० वाला आणि एक ८०० वाला असेल, जे फार वेळा असतं, तर ८०० वाल्याला आधी पळवा. तो दोन्ही लेग जवळपास सारखे काढेल, आणि ४०० वाल्याला पाय परत जागेवर आणायला ८०० वाल्याचा अख्खा दुसरा लॅप मिळेल. ४०० वाला कुरकुर करेल, त्याला सवय असते पहिल्यांदा सुटायची, गर्दी फुटायच्या आधी पुढे जायची. त्याला वरची टेस्ट दोन्ही क्रमांनी करून दाखवा, एकदा आधी आणि एकदा नंतर, आणि चारही लॅप कागदावर एकाखाली एक लिहून त्याच्याच हातात द्या.